ट्रायथलॉनच्या आठवड्यात योग कुठे बसवायचा

पोहणं, सायकल आणि धावणं मिळून आठवड्याचे ८-१० तास आधीच गेलेले असतात. त्यात योग घालायचा म्हटलं की बहुतेक जण विश्रांतीच्या दिवशी सव्वा तासाचा वर्ग लावतात. दोन आठवडे छान वाटतं. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारच्या इंटरव्हलला, म्हणजे थांबून थांबून वेगात धावण्याच्या सरावाला, पाय जड पडतात, खांदा कुरकुरायला लागतो आणि दोष धावण्याच्या किंवा पोहण्याच्या माथी जातो. विश्रांतीचा दिवस आपणच खाऊन टाकला, हे लक्षातच येत नाही.

सूर्यनमस्कारांचंच गणित मांडून बघा. बारा पदांच्या एका नमस्कारात हस्तपादासन दोनदा येतं. १२ नमस्कार म्हणजे २४ वेळा पुढे वाकणं आणि १२ वेळा हातांवर भार घेत खाली जाणं. कुणी हौसेने ५१ घातले तर १०२ वेळा वाकणं झालं, तेही आदल्या दिवशीच्या लांब धावेने आधीच ताणलेल्या मांडीच्या मागच्या स्नायूंवर. खांद्यांचं तसंच. १५०० मीटर पोहलात तर २५ मीटरच्या तलावात ६० फेऱ्या होतात. फेरीला २० हात धरले तर १२०० हात, म्हणजे एकेका खांद्याला ६००. त्यानंतर दंड-भुजंगाची माळ लावली की खांद्याला तो जास्तीचा व्यायामच वाटतो. तुम्ही त्याला योग म्हणता की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

म्हणून योगाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा शेजारच्या व्यायामाला जोडायचा. आज सकाळी काय झालं आणि उद्या सकाळी काय आहे, या दोन प्रश्नांवर आजची आसनं ठरतात. ८-१० तास सराव करणाऱ्याला आठवड्याला एकूण पावणेदोन तास पुरतात. त्यातले ४० मिनिटांचं एक सत्र आणि अर्ध्या तासाचं एक सोडलं, तर बाकीचं सगळं ६ ते १० मिनिटांच्या पुड्यांत.

आधी मोजून घ्या

कुठे आखडलंय हे न बघता सगळंच ताणत बसणं हा वेळेचा अपव्यय. घरच्या घरी चार गोष्टी तपासता येतात.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर, कंबर जमिनीला टेकलेली. दोन्ही हात सरळ कानाजवळून डोक्यामागे न्या. बरगड्या वर न उचलता मनगटं जमिनीला लागली तर खांदे आणि छातीचा कणा पोहण्यापुरते मोकळे आहेत. बरगड्या उचलल्यावरच हात टेकत असतील तर पाण्यातही तुम्ही तेच करता: हात पुढे नेताना कंबर पोकळ होते आणि पाय बुडतात.

दुसरी चाचणी घोट्याची. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवा, टाच जमिनीवर घट्ट. आता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल हळूहळू मागे सरकवत न्यायचं. टाच न उचलता गुडघा टेकतो तिथे अंगठा आणि भिंत यांतलं अंतर मोजा. १० सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ठीक. त्याहून बरंच कमी असेल, किंवा दोन्ही पायांत २-३ सेंटीमीटरचा फरक असेल, तर धावताना पोटरी आणि टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) त्याची किंमत मोजतात.

तिसरी चाचणी त्याच घोट्याची, पण उलट्या दिशेने. वज्रासनात बसा. पायाची वरची बाजू जमिनीला टेकते का? धावणं-सायकल करून पोहण्याकडे आलेल्या कित्येकांचे घोटे इथे अडतात. पाण्यात पाऊल मागे सरळ होत नाही, नांगरासारखं खाली लोंबतं आणि लाथ मारून पुढे जाण्याऐवजी उलटा ओढा निर्माण होतो.

चौथी खुब्याची. पलंगाच्या काठावर बसून मागे आडवे व्हा, एक गुडघा छातीशी धरा, दुसरा पाय काठावरून मोकळा सोडा. सुटलेली मांडी पलंगाच्या पातळीला येत नसेल तर जांघेसमोरचे स्नायू आखूड झालेत. सायकलवर ते व्हायचंच. मिनिटाला ९० पायडल धरले तर तीन तासांत १६,२०० फेरे होतात आणि त्यातल्या एकाही फेऱ्यात खुबा पूर्ण उघडत नाही.

या चारांतल्या ज्या दोन गोष्टी सगळ्यात कच्च्या असतील, त्यांच्यावरच पुढचे सहा आठवडे काम करा. ज्या बऱ्या आहेत त्या आहेत तशा राहू द्या. लहानपणापासून पोहणाऱ्यांचे खांदे बहुधा गरजेपेक्षा जास्तच सैल असतात. त्यांनी खांदे आणखी ताणणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. त्यांना शलभासनासारखी पाठ आणि खांद्याची पाती घट्ट करणारी आसनं हवीत.

व्यायामाच्या आधी

इथे एकच नियम पाळायचा: कुठल्याही आसनात थांबून राहायचं नाही. एकेक स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला की त्याची ताकद आणि झटका काही वेळ कमी होतो. धावण्यात टाचेची शीर आणि पोटरी स्प्रिंगसारखं काम करतात. इंटरव्हलच्या आधी त्यांना दोन-दोन मिनिटं लोंबवून ठेवलंत तर ती स्प्रिंग स्वतःच्या हाताने ढिली केलीत असं समजा.

धावण्याआधी ६ मिनिटं: मार्जरासन ८ वेळा श्वासाच्या लयीत, अश्वसंचालनासनात जाऊन पुन्हा मागे पर्वतासनात येणं दोन्ही बाजूंनी ५-५ वेळा, पर्वतासनात आळीपाळीने एकेक टाच दाबणं २० वेळा, शेवटी एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा छातीकडे आणि मग मागे, ८-८ वेळा. प्रत्येक टोकाला एका श्वासापेक्षा जास्त थांबू नका. पोहण्याआधी हातांवर भार न घेता छाती फिरवायची: चार पायांवर येऊन एक हात डोक्यामागे आणि कोपर छताकडे, प्रत्येक बाजूला ८ वेळा, मग उभं राहून हात मोठ्या वर्तुळात. सायकलच्या आधी खरं तर वेगळं काही लागत नाही. पहिली १५ मिनिटं हलक्या गिअरवर चालवलीत की काम भागतं.

सायकलवरून उतरल्यावर

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. तीन तास पाठ गोल करून बसलेला माणूस घरी येतो, मॅट पसरतो आणि पश्चिमोत्तानासन घालतो. म्हणजे जी पाठ तीन तास पुढे वाकली होती, तिलाच आणखी पुढे वाकवतो. बरं वाटतं, कारण ताण ओळखीचा असतो. पण कण्याला हवी असते नेमकी उलटी दिशा.

आधी पाणी आणि खाणं. मग साधारण अर्ध्या तासाने १० मिनिटं. टॉवेल घट्ट गुंडाळून खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाशी आडवा ठेवा आणि त्यावर पाठीवर झोपा, डोकं जमिनीवर किंवा पातळ उशीवर, दोन मिनिटं. सायकलवर मान सतत वर उचललेली असते, म्हणून इथे हनुवटी किंचित आत घ्या. डोकं मागे लोंबकळू देऊ नका. त्यानंतर सेतुबंधासन, ५ श्वास, तीनदा. नुसती कंबर वर ढकलायची नाही, नितंब आवळून उचलायची. मग अंजनेयासन प्रत्येक बाजूला ३० सेकंद, दोनदा.

अंजनेयासनात काय बिघडतं ते नीट बघा, कारण हे आसन चुकलं तर सगळं मुसळ केरात. पुढचा गुडघा जोरात पुढे ढकलून खूप खाली गेलं की ताण आल्यासारखा वाटतो, पण कंबर पोकळ झालेली असते आणि जांघ तशीच आखूड राहते. आधी मागच्या पायाच्या बाजूचा नितंब आवळा, ओटीपोट वर ओढा आणि मगच दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरका. हालचाल अगदी थोडी होईल आणि ताण बरोबर मांडीच्या वरच्या भागात, समोरून लागेल. मागच्या गुडघ्याखाली घडी घातलेली चादर ठेवायला विसरू नका.

एरोबारवर (हँडलच्या पुढे आलेल्या दांड्यांवर) कोपरं टेकवून चालवणाऱ्यांची गरज थोडी वेगळी. तिथे खुबा जास्त मिटावा लागतो आणि ओटीपोट पुढे झुकलेलं राहावं लागतं. पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी आणताना शेपटीचं हाड लगेच उचललं जात असेल तर सायकलवरही कंबरच वाकणार. यावर उपाय म्हणजे अर्धपवनमुक्तासन, शेपटीचं हाड जमिनीवर ठेवून, गुडघा थेट छातीकडे न नेता किंचित बाहेरच्या बाजूने काखेकडे. एक मात्र सांगून ठेवतो: सीट फार उंच असेल तर ओटीपोट डावी-उजवीकडे डुलतं, मांडीमागचे स्नायू प्रत्येक फेऱ्याला ओढले जातात आणि जगातलं कुठलंही आसन ते भरून काढू शकत नाही. आधी सीट खाली घ्या.

ब्रिक केला असेल, म्हणजे सायकलनंतर लगेच धावलात, तर याच दहा मिनिटांत शेवटची दोन मिनिटं पाय भिंतीला लावून विपरीत करणी. पोटऱ्यांचं ताणणं त्या दिवशी नको.

पोहून आणि धावून झाल्यावर

पोहण्यानंतर लोक सवयीने पर्वतासनात जातात आणि छाती मांड्यांकडे दाबतात. ६०० वेळा डोक्यावरून फिरलेला खांदा पुन्हा डोक्यावरच्याच स्थितीत, वर अंगाचा भार. त्यापेक्षा बसून गरुडासनाचे हात ३० सेकंद आणि गोमुखासनाचे हात टॉवेल धरून ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी. खांद्याच्या पुढच्या टोकाशी चिमटा बसल्यासारखं वाटलं तर टॉवेल लांब धरा. तो चिमटा म्हणजे ताण नव्हे. त्याच वेळी वज्रासनही उरकून घ्या: ३० सेकंद तीनदा, घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल. तळव्यात गोळे आले तर उतरा, पाऊल हलवा, परत बसा. दोन-तीन आठवड्यांत गोळे कमी होतात. गुडघ्यात दुखत असेल तर टाचा आणि नितंब यांच्यामध्ये जाड उशी घाला. तरीही दुखलं तर हे आसन सोडा आणि खुर्चीवर बसून पाऊल मागे टेकवून घोटा ताणा.

धावल्यावर पोटरीचं काम दोन भागांत करायचं, कारण तिथे दोन स्नायू आहेत. भिंतीला हात लावून मागचा गुडघा सरळ ठेवला की वरचा स्नायू ताणला जातो. तोच गुडघा वाकवला की खालचा. दुसरा भाग हमखास विसरला जातो आणि भिंतीच्या चाचणीतला आकडा त्यामुळेच महिनोन्‌महिने हलत नाही. मालासनात टाचांखाली पुस्तक ठेवून मिनिटभर बसलं तरी चालेल. त्यानंतर वज्रासनातच पायाची बोटं आत मुडपून, चवड्यांवर बसायचं, २० सेकंद. हे झोंबतं. तळपायाच्या पट्ट्यासाठी उपयोगी आहे, पण टाचेत सकाळी पहिल्या पावलाला कळ येत असेल त्यांनी इथे जोर करू नये.

बुधवारचं मोठं सत्र

नमुना आठवडा असा: सोमवारी विश्रांती, मंगळवारी वेगाची धाव, बुधवारी सकाळी हलकं पोहणं, गुरुवारी सायकलवर जोर, शुक्रवारी पोहणं, शनिवारी लांब सायकल आणि छोटी धाव, रविवारी लांब धाव. यात ४० मिनिटांचं सत्र बुधवारी संध्याकाळी बसतं. सोमवारी नको, कारण रविवारच्या लांब धावेनंतर स्नायू सुजलेले, ठणकणारे असतात आणि त्यांना खोल ताण दिला की सावरायला आणखी वेळ लागतो.

या सत्राचा निम्म्याहून जास्त वेळ ताकद आणि तोल यांना द्या. धावणं म्हणजे एका पायावर उतरण्याची हजारो आवर्तनं. उत्कटासन किंवा वीरभद्रासन दोनमध्ये कितीही वेळ थांबलात तरी ते दोन पायांवरचं काम झालं. म्हणून वीरभद्रासन तीन, म्हणजे एका पायावर पुढे झुकून दुसरा पाय मागे आडवा उचलायचा, बोटं भिंतीला हलकी टेकवून, प्रत्येक पायावर २५ सेकंद, तीनदा. ओटीपोटाची दोन्ही हाडं जमिनीकडे बघत असली पाहिजेत. उचललेल्या पायाची बाजू वर उघडली की आसन सोपं होतं आणि फुकट जातं. वृक्षासन डोळे मिटून २० सेकंद, तळपाय गुडघ्याच्या वर किंवा खाली, गुडघ्यावर कधीच नाही. एका पायाचं सेतुबंधासन ८ वेळा, दोन आवर्तनं. शलभासन १५ सेकंद, चारदा. नौकासन २० सेकंद, तीनदा, पाठ गोल व्हायला लागली की गुडघे वाकवा. वसिष्ठासन तळव्याऐवजी कोपरावर, २५ सेकंद, दोनदा. पोहणाऱ्याच्या मनगटाला आणि खांद्याला त्यामुळे सूट मिळते.

उरलेल्या १५ मिनिटांत चाचणीत कच्च्या निघालेल्या दोन जागा, आणि सुप्त पादांगुष्ठासन पट्टा लावून, ३० सेकंद दोनदा. हे झोपून केलं की कंबर गोल होत नाही. पट्ट्याने पाऊल स्वतःकडे जोरात ओढल्यावर गुडघ्यामागे विजेसारखी झिणझिण आली तर तो स्नायू नाही, नस ताणली जातेय. पाऊल सैल सोडा, गुडघा जरा वाकवा. शेवटी शवासन ५ मिनिटं. ते कापून टाकणारे बहुधा झोपही कापणारे असतात.

सोमवारच्या अर्ध्या तासात सगळं झोपूनच: लोडावर सुप्त बद्धकोनासन ५ मिनिटं, पाठीवर पीळ देणारं सुप्त मत्स्येंद्रासन दोन्ही बाजूंनी २-२, विपरीत करणी १०, शवासन ८, उरलेला वेळ अनुलोम-विलोम. श्वास ४ मोजून आत, ६ मोजून बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. नाकपुड्या बदलण्याच्या नादात श्वास रोखू नका.

श्वास, आणि एक धोक्याची सूचना

पोहणाऱ्याच्या सगळ्यात कामाचा प्राणायाम माझ्या मते भ्रामरी. नवशिके पाण्यात डोकं घातलं की श्वास धरून ठेवतात आणि तोंड वर आल्यावर एकाच क्षणात सोडणं आणि घेणं, दोन्ही करू बघतात. घेणं अर्धवटच राहतं, तिसऱ्या फेरीला दम लागतो. भ्रामरीत नाकातून गुणगुणत श्वास एकसारखा बाहेर जातो. तेच पाण्यात करा: डोकं आत गेलं की गुणगुणायला लागा, बुडबुडे नाकातून अखंड यायला हवेत. जमिनीवर रोज ६-७ आवर्तनं केली की पाण्यात ते आपोआप जमायला लागतं.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र पोहण्याच्या आधी अजिबात नको. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची उबळ मुख्यतः त्यानेच येते. तो कमी असला की उबळ उशिरा येते, पण ऑक्सिजन तर संपतच असतो. माणूस कुठलीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही असे जीव गेलेले आहेत. कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखण्याचा, सराव पाण्याखाली करायचा नाही. तो जमिनीवरच ठेवा.

दुखणं कुठलं आहे ते ओळखा

बैठकीच्या हाडाशी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ, कडक खुर्चीवर बसल्यावर आणि पुढे वाकल्यावर वाढणारी: हे मांडीमागच्या स्नायूच्या उगमाचं दुखणं आहे. लोक त्याला आखडलेला स्नायू समजून आणखी ताणतात आणि ते महिनोन्‌महिने रेंगाळतं. पुढे वाकण्याची सगळी आसनं काही आठवडे बंद करा. त्याऐवजी सेतुबंधासन, पाय नेहमीपेक्षा एक पाऊलभर लांब ठेवून, ३० ते ४५ सेकंद धरून, ४-५ वेळा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं तेव्हा मांडीवरचा बाहेरचा पट्टा ताणण्याची आसनं शोधली जातात. तो पट्टा जाड, चिवट असतो. ताणून लांब होत नाही. बाजूच्या नितंबाची ताकद वाढवा, म्हणजे वसिष्ठासन आणि वीरभद्रासन तीन, आणि धावेचे किलोमीटर काही काळ कमी करा. एकपाद राजकपोतासन खुबा मोकळा करायला प्रसिद्ध आहे. पण खुबा अडला की पीळ गुडघ्यात उतरतो. पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून ती मांडी जवळ ओढा. फायदा तोच मिळतो, गुडघा सुरक्षित राहतो. शीर्षासन तर सायकलवाल्याच्या थकलेल्या मानेला मी सुचवणारच नाही.

शर्यत जवळ आल्यावर

शेवटच्या दोन आठवड्यांत नवं आसन नाही, नवा वर्ग नाही. बुधवारचं सत्र ४० वरून २० मिनिटांवर आणा आणि शेवटच्या आठवड्यात त्यातली ताकदीची आसनं गाळा. सराव कमी झाल्याने वेळ रिकामा मिळतो, अंग हलकं वाटतं आणि तो वेळ लांबलचक ताणण्यात घालवण्याचा मोह होतो. १.५ किलोमीटर पोहून ४० सायकल आणि १० धाव असो की ३.८, १८० आणि ४२.२ असो, ज्या लवचीकतेने सराव केला तिनेच शर्यत करायची. ऐन वेळी पाच अंश जास्त वाकता आलं म्हणून वेळ कमी होत नाही.

शर्यतीच्या सकाळी धावण्याआधीचीच ६ मिनिटं आणि वेटसूट (पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चढवण्यापूर्वी हातांची वर्तुळं. सुरुवातीच्या रांगेत छाती धडधडत असेल तर दहा श्वास, प्रत्येकात सोडणं घेण्यापेक्षा लांब. शेवटची रेषा ओलांडल्यावर कंबरेत वाकून डोकं खाली लोंबवू नका. उठताना रक्तदाब घसरून भोवळ येते. १० मिनिटं चाला, प्या, खा, मग पाय भिंतीला. पुढचे दोन दिवस खोल ताण अजिबात नाही. चौथ्या दिवशी भिंतीसमोर उभं राहून घोट्याचं अंतर पुन्हा मोजा, दोन्ही पायांचं. ज्या पायाचा आकडा खाली आला असेल, पुढच्या बुधवारची सुरुवात त्याच पायापासून.